फेकलेल्या वस्तूंतून चित्र उभं करणारे कुर्ट श्विटर्स

७ जानेवारी १९४८ चा दिवस. इंग्लंडच्या उत्तरेला डोंगराळ भागात केंडल नावाचं बाजारगाव आहे. तिथल्या दवाखान्यात साठ वर्षांचे एक जर्मन चित्रकार शेवटच्या घटका मोजत होते. त्याच दिवशी त्यांना ब्रिटनचं नागरिकत्व मंजूर झाल्याची बातमी आली. साडेसात वर्षांपूर्वी ते जीव वाचवून या देशात आले होते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ८ जानेवारीला, त्यांनी प्राण सोडला. मागं काय उरलं? भाड्याच्या खोलीत काही चित्रं, आणि काही मैलांवर एका शेतातल्या दगडी कोठारात अर्धवट राहिलेली एक भिंत.

या चित्रकाराचं नाव कुर्ट श्विटर्स. आज न्यूयॉर्क, लंडन, हॅनोव्हर अशा शहरांतल्या मोठ्या संग्रहालयांत त्यांची चित्रं काचेआड जपून ठेवलेली आहेत. ही चित्रं बनलीत कशाची, तर ट्रामच्या फाटक्या तिकिटांची, बटणांची, चॉकलेटच्या कागदांची, जुन्या वर्तमानपत्रांची, तारेच्या जाळीची आणि मोडक्या चाकांची. लोक जे केरात टाकत, ते हा माणूस खिशात घालून घरी आणायचा.

वाड्यातलं बालपण आणि बागेचा घाव

कुर्ट यांचा जन्म २० जून १८८७ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात झाला. आईवडिलांचा हा एकुलता एक मुलगा. वडील एदुआर्ट आणि आई हेन्रिएट यांचं बायकांच्या कपड्यांचं दुकान होतं. १८९८ मध्ये त्यांनी दुकान विकलं, पैसा घरांत गुंतवला आणि भाड्याच्या उत्पन्नावर संसार चालवला. पोराला खायला-प्यायला कमी नव्हतं. तब्येत मात्र नाजूक होती.

इझर्नहागेन या खेड्यात या कुटुंबाची जागा होती. तिथं कुर्टने लहानपणी स्वतःच्या हातानं छोटी बाग केली. गुलाब लावले, स्ट्रॉबेरी लावली, छोटंसं तळं खोदलं. गावातल्या पोरांनी त्याच्या डोळ्यांदेखत ती बाग तुडवून टाकली. त्या धक्क्यानं आपल्याला झटके यायला लागले, असं ते पुढे सांगत. या दुखण्यानं त्यांची दोन वर्षं गेली. फिट्सचा आजार तर आयुष्यभर सोबत राहिला. आपण जीव लावून उभं केलेलं कुणीतरी येऊन मोडतं, हा अनुभव त्यांना असा कोवळ्या वयातच आला. पुढे तो पुन्हा पुन्हा यायचा होता.

ड्रेस्डेनचा सरळमार्गी विद्यार्थी

हॅनोव्हरच्या कलाशाळेत थोडं शिकून १९०९ मध्ये कुर्ट ड्रेस्डेनच्या नावाजलेल्या कला अकादमीत दाखल झाले. १९१५ पर्यंत, म्हणजे चांगली सहा वर्षं, ते तिथं शिकले. ओटो डिक्स आणि जॉर्ज ग्रोझ हे पुढे गाजलेले चित्रकारही त्याच काळात त्याच अकादमीत होते.

त्या वेळची कुर्ट यांची चित्रं बघितली तर हा माणूस पुढे काही वेगळं करेल असं कुणालाच वाटलं नसतं. समोर फळं ठेवली की फळं काढायची. माणूस बसवला की त्याचा चेहरा काढायचा. झाडं, शेतं, घरं, सगळं जसं दिसतं तसं. गुरुजी सांगतील ते शिकायचं आणि हात पक्का करायचा, एवढाच नाद.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हे शिक्षण त्यांनी कधी टाकून दिलं नाही. नवीन प्रयोग करणारे पुष्कळ कलावंत जुन्या पद्धतीला नावं ठेवतात. कुर्ट मात्र मरेपर्यंत माणसांचे चेहरे आणि निसर्ग रंगवत राहिले. नव्या वळणाच्या मित्रांना हे पटत नसे. तरी त्यांनी ते सोडलं नाही, आणि पुढे परक्या मुलखात याच कसबानं त्यांना दोन घास मिळवून दिले.

कारखान्यातली चाकं

१९१५ मध्ये त्यांचं हेल्मा फिशर यांच्याशी लग्न झालं. पहिला मुलगा जन्मल्यावर आठवडाभरात गेला. त्यानंतर १९१८ च्या नोव्हेंबरात दुसरा मुलगा झाला. त्याचं नाव एर्न्स्ट.

तो पहिल्या महायुद्धाचा काळ होता. १९१७ मध्ये कुर्ट यांना सैन्यात ओढलं गेलं, पण तब्येतीमुळं काही महिन्यांतच सुटका झाली. मग हॅनोव्हरजवळच्या व्ह्युल्फेल इथल्या लोखंडाच्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचं काम लागलं. दिवसभर चाकं, दाते, पट्टे आणि दांडे कागदावर उतरवायचे. बाहेरून बघताना हे रुक्ष काम वाटतं. पण इथंच त्यांना यंत्राच्या आकारांची गोडी लागली. चाक ही वस्तू पुढं त्यांच्या चित्रांत जागोजाग दिसते.

१९१८ च्या नोव्हेंबरात जर्मनी युद्ध हरली. राजा गेला, शहरांत दंगे झाले, पैशाची किंमत घसरत चालली. जुनं सगळं मोडून पडलं होतं. कुर्ट यांनी हिशोब साधा मांडला. सगळं मोडलंच आहे, तर नवीन जे करायचं ते या तुकड्यांतूनच करू.

पिठाची खळ आणि मेर्त्स

१९१८-१९ च्या हिवाळ्यात त्यांनी तुकडे चिकटवून चित्रं करायला सुरुवात केली. या प्रकाराला कोलाज म्हणतात. कागदाला कागद चिकटवून चित्र करायची रीत पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक यांनी काही वर्षांपूर्वी चालू केली होती. कुर्ट यांनी मात्र त्यात आख्खा रस्ता आणला.

त्यांच्या कामाची पद्धत अगदी घरगुती होती. पीठ आणि पाणी कालवून खळ करायची. ती कागदावर पसरायची. खळ ओली आहे तोवर तिकिटं, चिटोरे, कापडाचे तुकडे त्यावर इकडून तिकडे सरकवत राहायचं. एखादा चुरगळलेला तुकडा बोटांनी दाबून बसवायचा. कुठं पाण्याच्या रंगाचा हलका हात द्यायचा. रंग रंगाशी जुळला, कडा कडेशी बसली, की हात थांबवायचा.

बघणाऱ्याला वाटतं, यात काय कला? कुणीही कागद चिकटवील. पण इथंच खरी मेख आहे. ट्रामचं तिकीट फाडून चित्रात लावलं की ते तिकीट राहत नाही, लाल रंगाचा एक चौकोन होतं. बटण हे बटण राहत नाही, काळा गोल होतं. कुठला लाल चौकोन कुठल्या राखाडी पट्टीशेजारी ठेवला म्हणजे डोळा तिथं ठरतो, हे कळायला ड्रेस्डेनची सहा वर्षं कामी आली. वरून गबाळी दिसणारी ही चित्रं आतून मोजूनमापून बसवलेली असतात.

अशाच एका चित्रात त्यांनी एका बँकेच्या छापील जाहिरातीचा तुकडा लावला. बँकेच्या नावात कोमेर्त्स हा शब्द होता, म्हणजे व्यापार. कापताना त्यातली शेवटची चार अक्षरं तेवढी शिल्लक राहिली आणि मेर्त्स असा शब्द तयार झाला. या शब्दाला काहीच अर्थ नव्हता. म्हणूनच तो त्यांना आवडला. आपल्या सगळ्या कामाला त्यांनी तेच नाव दिलं. मेर्त्स चित्र, मेर्त्स मासिक, मेर्त्स कविता, आणि पुढे पुढे स्वतःलाही ते मेर्त्स म्हणवून घेऊ लागले.

१९१९ मध्ये बर्लिनच्या डेर श्टुर्म या दालनात ही चित्रं मांडली गेली आणि बोंबाबोंब झाली. काहींनी नावाजलं, पुष्कळांनी वेड्यात काढलं. त्या वेळी बर्लिनमध्ये दादा नावाच्या बंडखोर कलावंतांचा एक गट होता. त्यांनीही कुर्ट यांना आपल्यात घेतलं नाही. त्यांना हा माणूस फार घरगुती वाटला, राजकारणात न पडणारा वाटला. कुर्ट यांनी वाद घातला नाही. हॅनोव्हरला आईवडिलांच्या घरी राहून एकट्यानं आपलं मेर्त्स चालू ठेवलं.

अक्षरांचं बुजगावणं

चित्रांतून गोष्ट सांगायचीही त्यांना हौस होती. १९१९-२० च्या सुमारास त्यांनी रेषेची छोटी छोटी चित्रं काढली. त्यात पवनचक्क्या, कॉफी दळायची यंत्रं, आगगाडी, चर्च, हृदयाचे आकार, आणि डोकं खाली पाय वर झालेली माणसं. कुठं रबरी शिक्के मारलेले, कुठं अक्षरं लिहिलेली. लहान मुलाच्या वहीत किंवा कॉमिकच्या पानावर शोभावीत अशी ही चित्रं आहेत.

त्याचा पुढचा टप्पा १९२५ मध्ये आला. हॅनोव्हरच्या चित्रकार केटे स्टाइनिट्झ आणि हॉलंडचे कलावंत थिओ फान डूसबुर्ख यांच्या जोडीनं त्यांनी मुलांसाठी एक चित्रकथा केली. गोष्ट बुजगावण्याची होती. गंमत अशी, की त्यात एकही पात्र हातानं काढलेलं नाही. छापखान्यातले शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, आडवे-तिडवे लावून पात्रं उभी केली. एका अक्षराचं बुजगावणं झालं, एकाचा शेतकरी झाला, कोंबडा-कोंबड्याही अक्षरांच्याच. डोक्यावर टोपी, अंगात कोट, हातात काठी घेऊन रुबाबात उभ्या असलेल्या बुजगावण्याला पक्षी भीत नाहीत, आणि शेवटी त्याचा एक एक डागिना उतरतो, अशी ती कथा.

आज संगणकावर अक्षरं कशीही वाकवता येतात. तेव्हा एक एक खिळा हातानं चौकटीत बसवावा लागे. ही कला पुढे त्यांच्या पोटापाण्यालाही उपयोगी पडली. १९२४ मध्ये त्यांनी जाहिरातीचं काम करणारी स्वतःची कचेरी काढली. पेलिकान शाईच्या जाहिराती केल्या. १९२९ पासून हॅनोव्हर शहराच्या कारभाराचे छापील कागद आणि अर्ज नीट दिसावेत, याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. कचराकुंडीतला कागद उचलणारा हा माणूस सरकारी कागद देखणे करत होता.

घरभर वाढलेलं चित्र

याच काळात त्यांच्या घरात एक अजब गोष्ट वाढत होती. कामाच्या खोलीत एका कोपऱ्यात तुकड्यांचा एक खांब होता. त्याला लाकूड जोडलं, त्यावर गिलावा केला, मग दुसरा खांब. होता होता खोलीच्या भिंती, कोपरे, छत सगळं पांढऱ्या कंगोऱ्यांनी भरून गेलं. खोली पुरेना, तसं काम शेजारच्या खोलीत गेलं, मग सज्जात, सज्जाच्या खाली आणि माळ्यावरही. आत लहान लहान कपारी होत्या. त्यात त्यांनी मित्रांच्या वस्तू ठेवल्या होत्या. कुणाची पेन्सिल, कुणाच्या केसांची बट. काम पुढे जाई तशा या कपारी आत गाडल्या जात.

याला त्यांनी मेर्त्सबाऊ, म्हणजे मेर्त्सची बांधणी, असं नाव दिलं. साधारण १९२३ ते १९३६ अशी तेरा-चौदा वर्षं हे काम चाललं. माणूस ज्याच्या आत शिरून बघू शकतो असं हे चित्र होतं. खाली-वर भाडेकरू राहत होते आणि मधे हा उद्योग चालू होता. हेल्माबाईंनी हे सगळं कसं निभावलं असेल, याचा विचार कुठल्याही गृहिणीनं करावा.

टिंगलीचं प्रदर्शन

१९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली आणि वारं फिरलं. १९३४ मध्ये कुर्ट यांचं शहराचं काम गेलं. त्यांच्या मेर्त्स चित्रांपैकी जे चित्र ड्रेस्डेनच्या शहर संग्रहालयानं विकत घेतलं होतं, तेच आता कलेचा ऱ्हास दाखवायला नमुना म्हणून फिरवलं जाऊ लागलं. ज्या शहरात ते शिकले, त्याच शहरात त्यांच्या कामाची टवाळी झाली.

१९३७ च्या जुलैत म्युनिकला नाझींनी बिघडलेल्या कलेचं म्हणून मोठं प्रदर्शन भरवलं. लोकांनी हसावं म्हणून भिंतीवर चित्रं वाकडी टांगली, शेजारी हेटाळणीचा मजकूर लिहिला. त्यात श्विटर्स यांचीही चित्रं होती. वीस लाखांहून जास्त लोकांनी ते प्रदर्शन बघितलं. जे मूळ चित्र मेर्त्स या नावाला कारण झालं, ते पुढे कायमचं गायब झालं. आज त्याचा फोटो तेवढा उरला आहे.

कुर्ट तोवर देश सोडून गेले होते. गुप्त पोलिसांचा ससेमिरा लागला होता. १९३६ च्या डिसेंबरात मुलगा एर्न्स्ट नॉर्वेला निघून गेला, आणि २ जानेवारी १९३७ ला कुर्टही त्याच्या मागोमाग गेले. हेल्मा मात्र हॅनोव्हरलाच राहिल्या. भाड्याची घरं आणि घरची म्हातारी माणसं कुणावर टाकायची? त्या अधूनमधून नॉर्वेला येऊन जात. १९३९ च्या जूनमधली भेट शेवटची ठरली. त्यानंतर युद्ध सुरू झालं.

नॉर्वेतही कुर्ट रिकामे बसले नाहीत. ऑस्लोजवळ लिसाकर इथं त्यांनी दुसरी मेर्त्स बांधणी सुरू केली. मोल्डे गावासमोरच्या येर्टोया बेटावर एक दगडी झोपडी होती. ती आतून चिटोऱ्यांनी आणि रंगांनी सजवली. पोट भरायला फिरायला आलेल्या लोकांना डोंगरदऱ्यांची चित्रं विकली. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या. पुन्हा पळापळ. मुलगा आणि सून यांच्यासह उत्तरेकडं सरकत सरकत त्यांनी ट्रॉम्सो बंदरातून बर्फ फोडणारं एक जहाज गाठलं आणि जूनमध्ये स्कॉटलंडचा किनारा धरला.

छावणीतली लापशी

सुटलो असं वाटलं, पण तसं झालं नाही. ब्रिटनच्या लेखी ते शत्रूदेशाचे नागरिक होते. हिटलरच्या तावडीतून सुटून आलेल्या माणसाला हिटलरचा माणूस समजून कोंडण्यात आलं. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरवत १७ जुलै १९४० ला त्यांना आइल ऑफ मॅन बेटावरच्या हचिन्सन छावणीत आणलं. एर्न्स्टही तिथंच होता. काटेरी तारांच्या आत हजाराहून जास्त माणसं. बहुतेक जर्मन आणि ऑस्ट्रियन, त्यात प्राध्यापक, गवई, चित्रकार पुष्कळ.

कॅनव्हास नव्हता, तर कुर्ट यांनी जमिनीवरचं लिनोलियम उचकटून त्यावर चित्रं काढली. सिगारेटची पाकिटं, खिळे, दोऱ्या, काचा गोळा केल्या. मूर्ती करायला प्लास्टर मिळेना, तर सकाळच्या न्याहारीत उरलेली लापशी थापून मूर्ती केल्या. त्यांना बुरशी आली, वास सुटला, तरी काम थांबलं नाही. दुसरीकडं सोबत्यांचे चेहरे रंगवून थोडे पैसेही मिळवले. छावणीतल्या सोळा महिन्यांत त्यांनी दोनशेहून जास्त कामं केली. २१ नोव्हेंबर १९४१ ला सुटका झाली.

लंडनमध्ये ते एका घराच्या माळ्यावरच्या खोलीत राहिले. तिथंच एडिथ थॉमस या तरुणीची ओळख झाली. ती येता-जाता चहा हवा का म्हणून विचारायची, म्हणून कुर्ट यांनी तिचं नाव वाँटी ठेवलं. शेवटपर्यंत तिनंच त्यांची सेवा केली.

वाईट बातम्या मात्र थांबत नव्हत्या. १९४३ च्या ऑक्टोबरात हॅनोव्हरवर बॉम्ब पडले. ८ आणि ९ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री त्यांचं घर आणि त्यातली मेर्त्स बांधणी जळून खाक झाली. १९४४ च्या एप्रिलमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला हॅनोव्हरमध्ये हेल्मा कर्करोगानं गेल्या. युद्धामुळं ही बातमी नवऱ्यापर्यंत उशिरा पोचली. डिसेंबरात लंडनच्या एका दालनात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. चित्रं जवळपास चाळीस होती, विकलं गेलं एक.

डोंगरातलं गाव आणि अमेरिकेची कॉमिक

१९४५ च्या जूनमध्ये कुर्ट आणि वाँटी अँबलसाइड या डोंगरातल्या गावी राहायला गेले. तळी, मेंढरं, दगडी बांध आणि सतत पाऊस असा तो मुलूख. गावाला ते साधे चेहरे रंगवणारे परदेशी म्हातारे म्हणून माहीत होते. डॉक्टरांचं चित्र काढलं, शाळामास्तरांचं काढलं, फुलं काढली, पूल काढले. कुणी पैसे दिले, कुणी नाही. या माणसानं जर्मनीत काय करून ठेवलं आहे, याची गावात क्वचितच कुणाला कल्पना होती.

रात्री खोलीत दुसरं काम चाले. बसची तिकिटं, गोळ्यांचे कागद, पाकिटांवरचे शिक्के. तोवर बुजगावण्याच्या पुस्तकातल्या जोडीदार केटे स्टाइनिट्झ अमेरिकेला जाऊन स्थायिक झाल्या होत्या. त्या कुर्ट यांना पत्रं पाठवत आणि ती कॉमिकच्या रंगीत पानांत गुंडाळून पाठवत. अमेरिकेत आता असं छापतात, याचंही मेर्त्स करा, असा त्यामागं हेतू. कुर्ट यांनी ती पानं कापली. १९४७ मध्ये तळहाताएवढं एक कोलाज केलं आणि त्याला केटेंचंच नाव दिलं. भडक रंग, छापील चेहरे, कॉमिकच्या रेघा. दहा-पंधरा वर्षांनी इंग्लंड-अमेरिकेत पॉप आर्ट म्हणून जी लाट आली, तिची ही आधीची पावलं होती असं आज जाणकार मानतात. तेव्हा मात्र ते चित्र एका गरीब आजारी माणसाच्या टेबलावर पडून होतं.

कोठाराची भिंत

अँबलसाइडपासून काही मैलांवर एल्टरवॉटर गावाजवळ सिलिंडर्स नावाचं शेत होतं. पूर्वी त्या जागेवर बंदुकीची दारू बनवायचा कारखाना होता. हॅरी पियर्स नावाचे, बागा आखून देणारे गृहस्थ तिथं राहत. कुर्ट त्यांचं चित्र काढायला गेले आणि दोघांचं जमलं. शेतात एक दगडी कोठार होतं. कुर्ट यांची नजर त्याच्यावर पडली. पियर्स यांनी ते वापरायला दिलं.

त्याच सुमारास, जून १९४७ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्यांना हजार डॉलरची मदत मंजूर केली. ती जुन्या बांधण्यांच्या डागडुजीसाठी मागितली होती. पण हॅनोव्हरची राखच उरली होती, आणि नॉर्वेला जायची ताकद राहिली नव्हती. मग हेच कोठार धरलं. कुर्ट साठीत आले होते. दम लागायचा, नीट दिसत नव्हतं, एकदा पाय मोडून गेला होता. तरी थंडीपावसात अँबलसाइडहून ते कोठारावर जात. आत ना वीज, ना ऊब.

एका भिंतीवर त्यांनी गिलाव्याचे उंचवटे उठवायला सुरुवात केली. त्यात आजूबाजूला सापडतील त्या वस्तू बसवल्या. दगड, काटक्या, लहान मुलाचा रबरी चेंडू, रोपांना पाणी घालायच्या झारीचं तोंड. आख्खं कोठार आतून असं करायचा बेत होता. डिसेंबरात ते अंथरुणाला खिळले. एक भिंत तेवढी झाली होती, आणि तीही पुरी नव्हती.

१० जानेवारी १९४८ रोजी अँबलसाइडच्या चर्चच्या आवारात त्यांचं दफन झालं. बरीच वर्षं कबरीवर दगड नव्हता. १९६६ मध्ये नावाचा दगड बसला आणि १९७० मध्ये अवशेष हॅनोव्हरला हलवण्यात आले. नॉर्वेतली लिसाकरची बांधणीही १९५१ मध्ये आगीत गेली. म्हणजे मोठ्या तीन कामांपैकी उरली ती फक्त शेतातली भिंत.

तीही उघड्यावर राहिली असती तर पडलीच असती. पण १९६५ मध्ये ती आख्खी भिंत कोठारातून सोडवून न्यूकॅसलच्या हॅटन दालनात नेण्यात आली. रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकारानं त्यासाठी पुढाकार घेतला. मासिकांतली चित्रं कापून केलेल्या १९५६ च्या एका कोलाजमुळं पॉप आर्टची सुरुवात करणाऱ्यांत ज्यांचं नाव घेतात, ते हेच हॅमिल्टन. कॉमिकची पानं कापणाऱ्या म्हाताऱ्याची भिंत त्याच वाटेनं पुढं गेलेल्या चित्रकारानं वाचवली. हॅनोव्हरच्या जळालेल्या खोलीचीही जुन्या फोटोंवरून १९८० नंतर प्रतिकृती उभी केली गेली. ती तिथल्या स्प्रेंगेल संग्रहालयात बघायला मिळते.

लहानपणी बाग तुडवली गेली तेव्हा कुर्ट आजारी पडले होते. घर जळालं, देश सुटला, बायको गेली, तेव्हाही ते खचले असतीलच. पण दर वेळी त्यांनी जवळ काय राहिलं ते बघितलं. लिनोलियम असेल तर लिनोलियम, लापशी असेल तर लापशी, कॉमिकचं पान असेल तर ते पान. शिकलेली कला त्यांनी कधी हलकी मानली नाही, आणि रस्त्यावरचा चिटोराही कधी हलका मानला नाही. चित्रकला शिकणाऱ्या ज्या पोरांना महागडे रंग परवडत नाहीत, त्यांनी या माणसाचं नाव लक्षात ठेवावं. पिठाची खळ तर कुठल्याही घरात होते.

कुर्ट श्विटर्स यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.